पाचातलं एक

दुपारी जेवायला कुठे जायचं, एवढ्याशा प्रश्नासाठी ज्यांनी अमेरिकेची राज्यघटना काढली, ते आमचे ओमाहा-सान. खरं नाव अर्थातच वेगळं, चांगलं चार अक्षरी कोकणस्थी होतं. पण ते जपानी जिभेला काही केल्या वळेना, आणि यांच्या दर तिसऱ्या वाक्यात 'आमच्या ओमाहाला', म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या त्यांच्या गावाला, असं असायचंच. तेव्हा जपानी मंडळींनीच गावाला आपलं आदराचं 'सान' जोडून हे बारसं केलं, आणि मग आम्ही मराठी माणसंही तेच म्हणायला लागलो. मराठीत बोलताना मात्र मी त्यांना काका म्हणायची.

जपानात कावासाकीला असलेलं ते सॉफ्टवेअरचं ऑफिस त्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या पोरांनी नुसतं भरलं होतं. माझा नवरा मिलिंद त्यांच्यातलाच एक. मी आले बायको म्हणून. दोनेक वर्षं पोळ्या लाटल्या, ट्रेनचे रंग पाठ केले, कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हे शिकले, आणि मग कंटाळून तिथेच टेस्टिंगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची, नोकरी धरली. पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत पन्नाशी उलटलेला एक उंच माणूस बसला होता. नाकावर बायकी, जांभळ्या फ्रेमचा चष्मा. त्यातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टेस्टर का? छान. आता आमच्या चुका सरकारदरबारी नोंदल्या जाणार."

त्या चष्म्याबद्दल कोणी कधी काही विचारलं नाही. जपानी माणूस असलं काही विचारत नाही आणि आम्ही त्यांचं पाहून गप्प. पुढे महिना-दोन महिन्यांनी तेच म्हणाले, "हिचा आहे. नंबर सारखाच होता दोघांचा. चांगली काच कशाला टाकून द्यायची?" आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

तर ते जेवण. जपानी ऑफिसात टेबलं एकमेकांना चिकटवून पुंजके करतात, आणि एकेका पुंजक्याला 'शिमा' म्हणतात, म्हणजे बेट. आमच्या विभागात अशी तीन बेटं होती. दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं, हा आमचे लीडर हायाशी-सान यांचा आग्रह, आणि बहुमत कायम रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं. आमच्या खिडकीजवळच्या बेटावर आम्ही तीन शाकाहारी मराठी बायका. डुकराच्या हाडांच्या त्या वाफेत बसून आम्ही रोज पांढरा भात आणि लोणच्याची मुळ्याची चकती खायचो, आणि वर 'ओइशी, ओइशी' म्हणजे छान छान म्हणायचो.

एक दिवस ओमाहा-सान फळ्यापाशी गेले आणि त्यांनी पाच चौकोन काढले.

"हे बघा," ते म्हणाले, अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत, आणि आमच्यासाठी मधूनमधून मराठीत. "अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्षाला थेट निवडत नाहीत. दर राज्याला काही इलेक्टर असतात, ते निवडतात. आणि ते इलेक्टर कसे नेमायचे हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. पूर्वी कुठेकुठे आमदारच नेमून मोकळे व्हायचे. आता सगळीकडे लोकांची मतं घेतात, पण जवळजवळ सगळ्या राज्यांत ज्याच्या हाती ससा तो पारधी. राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी सगळेच्या सगळे इलेक्टर तुमचे. हरलेल्यांची मतं कुठे गेली, कोणी विचारत नाही."

"म्हणजे रामेन," हायाशी-सान म्हणाले. माणूस हुशार होता.

"म्हणजे रामेन. पण आमचं नेब्रास्का तसं करत नाही. आमचे इलेक्टर पाच. दोन, सगळ्या राज्यात जो जिंकेल त्याचे. उरलेले तीन, एकेका जिल्ह्याला एकेक. जिल्ह्यात जो जिंकेल, त्या जिल्ह्याचा इलेक्टर त्याचा. आपल्याकडे बेटं तीन. आठवड्याचे दिवस पाच. आणखी काय हवं?"

झालं. सोमवार-मंगळवार सगळ्या विभागाच्या बहुमताचे, म्हणजे रामेनचे. बुधवार पहिल्या बेटाचा, गुरुवार दुसऱ्याचा, तेही रामेनकडेच गेले. शुक्रवार आमच्या बेटाचा. बेटावर चार माणसं. आम्ही तिघींनी स्टेशनमागच्या भारतीय हॉटेलला मत दिलं आणि चौथं मत पडलं रामेनला. ते ओमाहा-सानांचं स्वतःचं. त्यांना रामेन मनापासून आवडायचं.

त्यानंतर दर शुक्रवारी हा माणूस स्वतःच्याच नियमाने हरायचा, आणि आमच्याबरोबर येऊन छोले दोनदा मागून घ्यायचा. मी एकदा म्हटलंही, "काका, तुम्हीच आणलेल्या पद्धतीत तुम्हीच हरता."

"अगं, म्हणून तर खात्री पटते की पद्धत चांगली आहे," ते म्हणाले.

आता गंमत सांगते. मंदीत कामं आटली, आम्हा बऱ्याच जणांचे करार संपले, ओमाहा-सानही त्यांच्या ओमाहाला परत गेले. त्यानंतर किती तरी दिवसांनी हायाशी-सान योकोहामा स्टेशनवर भेटले. त्या विभागात आता एकही भारतीय नव्हता. तरी शुक्रवारी सगळे छोलेच खायला जातात, म्हणाले. का, हे नव्या पोरांना माहीत नाही. ती प्रथा आहे.

हायाशी-सानांशी ओमाहा-सानांचं एकदाच काय ते वाजलं, तेही वाजलं म्हणायचं म्हणून. जपानी मीटिंगमध्ये मत घेत नाहीत. मीटिंगच्या आधीच प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन हळूहळू सगळं जुळवून ठेवतात, आणि मीटिंगमध्ये सगळे नुसते माना डोलावतात. ओमाहा-सानांना हे झेपेना. एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "निर्णय झाला, ठीक. पण हरलं कोण?" सगळ्यांनी एकदम आपापल्या वहीत डोकं घातलं. हायाशी-सान म्हणाले, "ओमाहा-सान, जो हरेल, त्याला उद्या सकाळी त्याच खुर्चीवर येऊन बसायचं असतं."

त्या दिवशी परत जाताना आम्ही एकाच ट्रेनला होतो. गर्दीत ते दांडीला लटकून उभे होते. माझं स्टेशन यायच्या जरा आधी म्हणाले, "हायाशीचं खरं आहे. आमच्याकडे तर हरलेला माणूस त्याच संध्याकाळी त्याच टेबलावर जेवायला बसायचा. कधी मी, कधी ही. म्हणजे बहुतेक वेळा हीच."

तोवर मला त्यांच्या बायकोबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. त्या वारल्या होत्या आणि त्यानंतर त्यांनी कंपनीकडे मागून जपान घेतलं होतं, एवढंच. मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मग ते दर रविवारी यायला लागले, न बोलावता, आणि प्रत्येक वेळी हातात मक्याची कणसं. नेब्रास्काच्या माणसाला मका कळतो, असा त्यांचा दावा होता. आमच्या गॅसच्या शेगडीवर ते स्वतः कणसं भाजायचे आणि मका जपानी निघाला म्हणून मलाच बोल लावायचे.

काका-काकू दोघंही साताऱ्याकडची. लग्न होऊन गेली ती थेट ओमाहाला. हे विमा कंपनीच्या संगणकावर, त्या शाळेच्या लायब्ररीत. दोघांनी नागरिकत्व एकाच दिवशी घेतलं, आणि बाहेर आल्यावर गाडीतच लक्षात आलं की दोघांचे पक्ष वेगळे आहेत.

"मग?" मिलिंदने विचारलं.

"मग काय, संसार," काका म्हणाले. "माझा पक्ष राज्यात दर खेपेला जिंकायचा. तिचा दर खेपेला हरायचा. आमच्या घरातलं तिचं मत एक आणि माझं एक. एका वर्षी मी म्हटलं, अगं, तुझं एक इकडे, माझं एक तिकडे, वजाबाकी केली तर शून्य. थंडीत रांगेत कशाला उभं राहायचं? दोघंही घरी बसू. ही लगेच हो म्हणाली. तिथेच मला संशय यायला हवा होता."

ते कणीस फिरवत राहिले.

"संध्याकाळी मी म्हटलं, दूध संपलंय, जरा घेऊन येतो. ती म्हणाली, या, मलाही लायब्ररीत पुस्तक द्यायचंय, मी चालत जाते. मी गाडी काढली ती सरळ मतदानाच्या शाळेत. रांगेत उभा राहिलो, आणि बघतो तर पुढे दोन माणसं सोडून हिची शाल."

"अगं बाई. मग?"

"मी मागून हळूच मराठीत विचारलं, इथे दूध मिळतं का हो? तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, मिळतं, पण रांग मोठी आहे."

मिलिंदला हसून हसून ठसका लागला. काका हसत नव्हते, पण त्यांचा चेहरा इतका सुखाचा झाला होता की मला बघवेना.

"घरी आलो तर दूध कोणीच आणलेलं नाही. कोरा चहा प्यायलो दोघं. मग दर मतदानाला तेच. एकत्र जायचं, एकमेकांचं मत पुसायचं आणि घरी येऊन कोरा चहा. दूध असलं तरी कोराच."

काकूंना राज्याची आशा नव्हतीच. पण जिल्ह्याजिल्ह्याला एकेक इलेक्टर द्यायचा कायदा झाला, तेव्हा त्यांनी त्यात काहीतरी पाहिलं. ओमाहा शहर म्हणजे त्यातला एक जिल्हा. "राज्य जाऊ दे," त्या म्हणायच्या, "आपला जिल्हा तरी." मग दर निवडणुकीला लोकांची दारं ठोठावायच्या, साताऱ्याच्या इंग्रजीत फोन करायच्या. रात्री जेवताना काका विचारायचे, आज आमची किती फोडलीस? त्या नुसत्या कोशिंबीर पुढे करायच्या. जिल्हा काही कधी फुटला नाही. कायदा झाल्यापासून राज्याचे पाचही इलेक्टर दर वेळी एकाच बाजूला गेले. सगळी म्हणायला लागली होती की मग कायदा केला तरी कशाला. आणि काकू गेल्या.

त्यानंतरच्या निवडणुकीला काका कावासाकीत होते. परदेशात असलं तरी पोस्टाने मत देता येतं. त्यांची मतपत्रिका आली, आणि त्यांनी ती पाठवलीच नाही. मला हे फार उशिरा कळलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझं मत पुसायला ही नव्हती. म्हणजे पहिल्यांदाच ते मोजलं गेलं असतं. तिच्या माघारी. ते काही बरं दिसत नाही."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. इतकं प्रेम माणसाने असं लपवून ठेवावं आणि वर नियमाच्या भाषेत सांगावं, याचा राग.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी मात्र ते मतपत्रिकेचं पाकीट घेऊन रविवारी आमच्याकडे आले. त्या वेळी सगळं जग अमेरिकेकडे डोळे लावून बसलं होतं, आमच्या कोंबिनीतला, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा. आणि ओमाहाहून काकूंच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला होता की या वेळी आपला जिल्हा खरंच फुटेल असं वाटतंय, पण अगदी काठावर आहे.

काकांनी कणसं आणली नव्हती, तेव्हाच मी समजले. त्यांनी मतपत्रिका आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि जांभळा चष्मा लावला.

"माझ्याकडे मत एक आहे आणि माणसं दोन," ते म्हणाले.

"काका, मत तुमचं आहे. काकूंचं काकूंबरोबर गेलं," मिलिंद म्हणाला. इंजिनिअर लोकांना कधी गप्प बसायचं ते कळत नाही.

"तुझं बरोबर आहे रे. माझा पक्ष मी काही सोडलेला नाही. मला तो पटतो अजून. हिच्याशी इतकी वर्षं भांडलो ते काय खोटं भांडलो? पण आत्ता, ती नसताना, तिचा जिल्हा माझ्या एका मताने फुटायचा राहिला तर? मी तिकडे गेल्यावर तिला काय सांगू?"

मी विचारलं, "नाही तर असं करता येणार नाही का? दोन राज्याचे आहेत ना, ते तुमचे. जिल्ह्याचा एक तिचा. म्हणजे राज्यासाठी तुमच्या पक्षाला मत आणि जिल्ह्यासाठी तिच्या."

त्यांनी मतपत्रिका माझ्याकडे सरकवली. "मी काय तीन दिवस दुसरं काही केलं? बघ. खूण एकच करायची असते. तीच राज्यात मोजतात आणि तीच जिल्ह्यात. इतकी वर्षं मी या पद्धतीचे गोडवे गातोय, जेवणाच्या सुट्टीत तुम्हा लोकांना शिकवतोय. आणि माझ्या घरचं भांडण काही तिच्यात बसत नाही."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी चहा ठेवायला उठले, कारण दुसरं काय करावं कळेना. माझं टेस्टिंगचं डोकं कधी नाही ते त्या दिवशी घरी चाललं. ओट्यापाशी उभी राहूनच म्हटलं, "काका, राज्य तुमच्याच पक्षाला जाणार ना?"

"ते जाणारच. त्यात काय."

"तुमच्या मताशिवाय?"

"माझ्याशिवायही जाईल."

"म्हणजे तिथे तुमची कोणी वाट बघत नाही. जिल्ह्यात मात्र तिची जागा रिकामी आहे."

चहा निवला. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग पाकीट उचलून निघाले. दारात वळून म्हणाले, "टेस्टरबाई, कुणाचं मत कुणाला, हे विचारायचं नसतं हं. मीही हिला कधी विचारलं नाही. ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जेवणाला बुट्टी मारली. सोमवार होता, रामेनचा दिवस, तरीसुद्धा. ऑफिससमोरच्या पोस्टात ते मला काचेतून दिसले. काउंटरवरच्या बाईला कमरेत वाकून नमस्कार करत होते. तिनेही केला. मग यांनी पुन्हा केला. असं बराच वेळ चाललं, आणि रांगेतले बाकीचे लोक सवयीने थांबून राहिले.

निवडणूक झाली. देशाचा निकाल आम्हाला भर ऑफिसात, कामाच्या वेळी कळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, हायाशी-सानांनीसुद्धा. राज्य काकांच्या पक्षाला गेलं, ते सांगायलाच नको. जिल्ह्याचं मात्र काही केल्या कळेना. मतं मोजायची शिल्लक होती, पोस्टाने आलेली वगैरे. काका त्या दिवसांत रोज अर्धा तास आधी ऑफिसात यायचे, ओमाहाच्या वर्तमानपत्राचं पान उघडायचे आणि मी आले की बंद करायचे. शुक्रवारी छोले त्यांनी एकदाच घेतले.

शनिवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. मी केस तसेच गुंडाळून दार उघडलं. काका. इस्त्रीचा शर्ट, जांभळा चष्मा, आणि धावत जिने चढून आल्यासारखा श्वास.

"फुटला," ते म्हणाले. "आमचा जिल्हा फुटला. चार माझ्या पक्षाला, एक हिच्या. कायदा झाल्यापासून पहिल्यांदा."

मिलिंद आतून डोळे चोळत आला. "अभिनंदन काका. म्हणजे, नक्की कोणाचं करू?"

"दोघांचं कर. घरात या वेळी कोणी हरलं नाही." ते तिथेच बूट काढायच्या पायरीवर खाली बसले. एवढा उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन. "माझ्या एकाने काही झालं नाही हं, हजारोंनी मतं पुढे होती. मी नसतो तरी फुटला असता. पण त्या हजारांत एक हिचं होतं. ते मोजलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही काही असल्या माणसांना मिठ्याबिठ्या मारणाऱ्यातले नाही. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो त्यांनी राहू दिला. थोड्या वेळाने मी म्हटलं, "चला आत. चहा टाकते. कोराच ना आज?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग शेजारी ठेवलेली कोंबिनीची पिशवी माझ्या हातात दिली. आत दुधाचा एक खोका होता, अजून गार.

"त्या दिवशी आणायचं राहिलं होतं," ते म्हणाले.